ताई, भिंत आणि माझं तोंड

माझ्या तोंडून आयुष्यात जितक्या वेळा 'अगं बाई' निघालं, त्यातलं निम्मं नवरा, पोरं, विंचू आणि सरकार यांच्यामुळं मिळून निघालं; उरलेलं निम्मं एकट्या आमच्या ताईंमुळं. ताई म्हणजे लोणावळ्यातल्या ज्या चिक्कीच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं गुळाचा पाक पाहिला, त्या कारखान्याच्या मालकीणबाई. वडील गेल्यावर खुर्चीवर धाकटा भाऊ बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो नवा सदरा घालून आलाही होता. बघतो तर खुर्चीवर ताई. त्यांनी वर मान न करता त्याला सांगितलं, "डोक्याला टोपी घाल आणि शेंगदाण्याचं पोतं उघडून वास घे." त्या दिवसापासून कारखाना असा चालला, की दाणासुद्धा त्यांना घाबरून नीट भाजायचा. एक दाणा खवट लागला तर अख्खी परात गुरांना जायची. पण तीच बाई, कुणी गाणारा, नाचणारा, चित्रं काढणारा दारात उभा राहिला की असं काही करून बसायची, की आम्ही हातातली सुरी हातात ठेवून बघतच राहायचो.

एकदा पुण्याहून एक तरुण गवई आला. ताई उलट्या डब्यावर बसल्या, डोळे मिटले आणि त्याचं गाणं ऐकलं. मी पाक बघते कसा, तर थेंब गार पाण्यात सोडायचा, झालेली गोळी ताटलीत टाकायची आणि कान द्यायचा. टण् वाजली की पाक झाला, नाही वाजली तर कच्चा. ताईंनी गाणं संपल्यावर डोळे उघडले आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय मावशी, वाजलं का?" जे ऐकलं ते सांगितलं, "न्हाई वाजलं." त्या बिचाऱ्याचं तोंड टोमॅटोसारखं झालं. मला वाटलं, आता त्याला हाकलतील. ताईंनी गोदामावरची खोली झाडून घेतली, त्याला गादी दिली आणि म्हणाल्या, "वाजेपर्यंत इथंच राहा." दोन वर्षं राहिला तो. त्यातले सहा महिने एकाच ओळीवर होता. चिक्की कापणाऱ्या आमच्या कमलला ती ओळ पाठ झाली, त्याला होईना. दिवाळीच्या गर्दीत, सगळ्या दुकानांची माणसं माल मागायला दारात उभी असताना, एका सकाळी ती ओळ अशी काही लागली की मी उकळत्या पाकात ढवळायचं विसरले. कढई करपली. ताई धावत आल्या. मी म्हटलं, आज आपली नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "वाजलं ना?" आणि करपलेली कढई स्वतः ओढून बाहेर नेली.

आम्हाला नाच दाखवायला त्यांनी कंपनीच्या टेम्पोतून पुण्याला नेलं, तेही असंच. त्या नाचात अर्धा तास कुणी हललंच नाही. आमच्यातली एक बाई घाबरून म्हणाली, "लाईट गेल्यात व्हय यांच्या?" दुसऱ्या दिवशी ताई एकेकीला उभं करून विचारत होत्या, काय कळलं. मी म्हटलं, "काय बी कळलं न्हाई." त्या खूश. म्हणाल्या, "मलापण नाही. पण घरी जाऊन झोप लागली का?" झोप नव्हती लागली, हे खरं. मी ते कबूल केलं नाही.

हे सगळं मी सोसलं. पण भिंतीचं प्रकरण वेगळं. त्यात माझंच तोंड होतं.

कारखान्याची एक मोठी भिंत हमरस्त्याकडं आहे. भावाला तिथं एका नटीचा, चिक्की खातानाचा फोटो लावायचा होता. ताईंनी ती भिंत एका चित्रकार पोरीला देऊन टाकली. ती पोरगी तीन महिने आमच्यात वही घेऊन बसायची. मला वाटलं, हिशोब शिकत असेल. मग बांबू बांधले, गोणपाटं लावली. तेवढ्यात माझा गुडघा धरला आणि मी महिनाभर टाकव्याला घरी पडले. म्हणून गोणपाटं कधी निघाली ते मला ठाऊक नाही.

एका दुपारी मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून पवनानगरची माझी नणंद, तिच्या दोन सुना आणि शेजारीण अशा चौघी छाती बडवत उतरल्या. मी ओरडले, "अगं, कोन गेलं?"

नणंद पदरातून तोंड काढून बघते तर मी. ती जागीच बसली. "तूच की गं!"

"मी कुटं गेले? गुडघा धरलाय नुसता."

"मग त्या भिंतीवर तुजा फोटू कशाला लावलाय? घरायेवढा हाय! डोक्यामागं पिवळंधमक गोल! मेल्याबिगर कुनी येवढा फोटू लावतं व्हय?"

तिचंही चुकलं नव्हतं. आमच्याकडं म्हातारीचा एवढा मोठा फोटो रस्त्यावर दिसला, तर लोक नाव वाचत नाहीत, बाया कपाळावर हात मारून घेतात. पुढाऱ्याचा असेल तर वाढदिवस, म्हातारीचा असेल तर श्रद्धांजली. वर त्या चौघी रीतीप्रमाणं कडू घास घेऊन आल्या होत्या, कारण गेलेल्याच्या घरी चूल पेटवत नाहीत. बाजरीच्या भाकरी आणि पिठलं. फेकायचं कसं? मग आम्ही पाचीजणींनी बसून ते खाल्लं. स्वतःचा कडू घास स्वतः खाल्लेली मावळात मी एकटीच असेन. पिठल्यात मीठ कमी होतं, तेही मी सांगितलं. नणंद म्हणाली, "रडत केलंय, चव कुटनं येनार?"

दुसऱ्या दिवशी लंगडत कारखान्यात गेले. भिंतीकडं पाहिलं. मीच. बोळक्या तोंडाची, मान वाकडी करून ताटलीला कान लावलेली, एक डोळा बारीक. डोक्यामागं आमची पितळेची कढई, देवाच्या प्रभावळीसारखी. मी तडक ताईंच्या खोलीत गेले. "ताई, माझं तोंड पुसा. लोक मला जाळून मोकळं झाल्यात."

भाऊ तिथंच होता. त्याला आनंद मावेना. कारण ही भिंत ताईंनी सगळ्या घराशी भांडून घेतली होती, आणि कामगारांतल्या कुणी तक्रार केली तर भिंत भावाला द्यायची, असं घरच्यांपुढं कबूल करून बसल्या होत्या. माझ्या एका शब्दावर ते सगळं उभं होतं, हे मला तिथंच कळलं. मला वाटलं, आता ताई समजूत घालतील. त्या उठून उभ्या राहिल्या. "भिंत कंपनीची, पण तोंड तुमचं. मी आधी विचारायला हवं होतं. चुकले मी, मावशी." इतक्या वर्षांत 'चुकले' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. खोटं कशाला सांगू, चित्रापेक्षा मोठा धक्का मला तो बसला. त्यांनी चुन्याची बादली मागवली. चित्रकार पोरगी कोपऱ्यात नाक पुसत होती.

भाऊ म्हणाला, "मावशी शहाण्या आहेत. उद्याच तिथं नटी लावू."

"कुटं लावनार?" मी विचारलं.

"तिथंच. तुमच्या जागी."

"माज्या तोंडावर नटी? तिला पाक कळतो व्हय?" माझा आवाज चढला. "पुसायचं न्हाई. फक्त ती कढई डोक्यामागनं काढून चुलीवर ठेवा. मानसं कढई चुलीवर ठेवत्यात. आन् दोन दात घाला."

"कढई चुलीवर घेते," ताई म्हणाल्या. "दात नाही. खोटं रंगवायचं नाही."

दातांवरून आमची तासभर वाजली. दात मिळाले नाहीत.

पुढं मी काम सोडलं. पण दर पावसाळ्यात भिंतीचा रंग उडतो, आणि दसऱ्याच्या आसपास ताई गाडी घेऊन टाकव्याला येतात, उंबऱ्यात माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, "मावशी, यंदा रंगवू का?" नुसतं तेवढं विचारायला. मी दरवर्षी दात मागते, त्या दरवर्षी नाही म्हणतात, मग मी म्हणते, रंगवा.

यंदा दसरा गेला. ताई आल्या नाहीत. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, घराबाहेर पडायला मनाई आहे. खुर्चीवर भाऊ बसतो. परवा त्याच्या ऑफिसातून फोन आला, "आजी, भिंतीचं काय करायचं? रंगवायची की पुसायची? तुमचं उत्तर कळवा."

मी सांगितलं, "उत्तर हाय माज्यापाशी. पन ते मी ताईंच्या तोंडावर देनार. तवर भिंतीला कुनी हात लावायचा न्हाई."

फोन ठेवला आणि उंबऱ्यात येऊन बसले. रस्त्याला गाडी वाजली की मान वर होते. दुधाची असते बहुतेक.