हेल्मेट घालून कबड्डी

लग्नानंतर आठवड्याच्या आत माझ्या नवऱ्याने मला वहिनी म्हटलं. तेही साऱ्या वाडीसमोर, हात जोडून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिमग्याला आमची वाडी आणि खाडीपलीकडची वाडी यांच्यात कबड्डी व्हायची, भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात. आमचे हे चढाईला जायचे. दम असा की समोरच्यांना कंटाळा येई, पण ह्यांची कबड्डी थांबत नसे. त्या वर्षी ह्यांचं डोकं आणि पकड करणाऱ्याचं डोकं असं आपटलं, की बांधावर बसलेल्या आम्हा बायकांनाही आवाज आला. हे उठून बसले आणि गोड हसायला लागले. मी पाणी घेऊन धावले, तर मला म्हणाले, "वयनी, वाईच बसा. लगीन कुणाचा हाय?"

दुसरीकडे कुणी डॉक्टर बोलावला असता. आमच्या मानकऱ्यांनी ओळखलं की ह्यांच्या अंगात आलं. एरवी देव ठरलेल्या माणसाच्या अंगात ठरलेल्या दिवशी येतो. हा न सांगता आला म्हणून सगळ्यांची धांदल उडाली. नारळ आणला, गाऱ्हाणं घातलं आणि ह्यांच्यापुढे रांग लागली. एकाने हरवलेला बैल कुठे आहे म्हणून विचारलं. हे म्हणाले, "वर." बैल डोंगरावर सापडला. आमच्या वाडीच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर, बैल जाऊन जाऊन जाणार कुठे? पण ह्यांचं नाव झालं. दुसऱ्याने मुलाला मुंबईत नोकरी लागेल का विचारलं, तेव्हा ह्यांना उलटी झाली. तोही शुभ कौल धरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला चहासाठी हाक मारली, अगदी बायकोला मारतात तशी, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. माझी भीती मात्र गेली नाही. माझ्या माहेरचा एक माणूस माडावरून दोनदा पडला होता. पहिल्यांदा अंग झटकून घरी गेला. दुसऱ्यांदा उठला तो स्वतःचं नाव विसरून, आणि ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. मला घरात नवरा हवा होता, देव नको होता. त्या डोक्याला पुन्हा मार लागू द्यायचा नाही, एवढंच मी धरून बसले.

खेळ सोडा म्हणून आधी गोडीने सांगितलं, मग भांडून. मग अबोला धरला, पण तो ह्यांच्या लक्षातच आला नाही. शेवटी मुंबईच्या भावाकडून स्कूटरचं हेल्मेट मागवलं. लाल भडक, हनुवटीपर्यंत डोकं झाकणारं, पुढची काच काढून टाकलेलं. हे घालाल तर खेळाल, नाहीतर मी माहेरी चालले, असं बजावलं. सासूबाई कधी नव्हे ते माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, म्हणून हे कबूल झाले.

पुढच्या शिमग्याला हे मैदानात उतरले आणि पलीकडची वाडी हसून लोळायची बाकी राहिली. विमान कुठे उभं केलंस, असं कुणीतरी विचारलं. पंच म्हणजे शाळेतले गुरुजी. त्यांनी बराच वेळ विचार केला. नखं कापलेली असावीत, अंगाला तेल नसावं, हातात अंगठी नसावी, हे नियम त्यांना पाठ होते. डोक्यावर काय नसावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. बघूया, म्हणाले.

हे चढाईला गेले. आतून कबड्डीचा आवाज येईना, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी घुमत होतं. दम चालू आहे की सुटला हे कळावं म्हणून गुरुजी कान पुढे करून ह्यांच्या मागे पळू लागले. तेवढ्यात एकाने हेल्मेट धरून पिरगाळलं. हेल्मेटचं तोंड गेलं कानाकडे आणि ह्यांना दिसायचं बंद झालं. हे सुटले ते थेट बांधावर येऊन माझ्या चुलत सासूबाईंना शिवले. त्या बाद आहेत का, यावर दोन्ही वाड्या मोठ्या तावातावाने भांडल्या. मीही पदरात तोंड खुपसून हसले, खोटं कशाला बोलू.

डोक्याची भीती गेल्यावर हे रेड्यासारखे घुसायला लागले. तिसऱ्या चढाईत त्यांच्यातला एक जण कमरेला मिठी मारायला झेपावला आणि हेल्मेट त्याच्या कानशिलावर बसलं. ह्यांना काही झालं नाही. तो आडवा झाला. थोड्या वेळाने उठून बसला आणि गोड हसायला लागला.

पलीकडची वाडी खूश झाली. गेल्या वर्षी देव आमच्याकडे आला, हे त्यांना वर्षभर सलत होतं. त्यांचा नारळ आला, हात जोडले गेले. वर्षभर मी एकच डोकं सांभाळत होते, दुसऱ्या कुणाला डोकं असतं हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पदर खोचून मी बांधावरून उतरले. पुरुषांच्या मैदानात नवी सून, पण मला कुणी अडवायच्या आत मी त्यांच्या मानकऱ्यांपुढे उभी होते.

"ह्याच्या अंगात कोण आलेला नाय," मी म्हटलं. "डोक्याला लागलाय. गाडी बघा."

मानकऱ्यांनी हाताने मला बाजूला हो म्हटलं. पण त्या माणसाची आई पुढे आली. आपला मुलगा आपल्याला ओळखत नाही, हे तिला कळलं होतं. देव आला तरी आईला विसरेल का, असं तिने मानकऱ्यांनाच विचारलं. मानकरी बाजूला झाले. हेल्मेट फेकून ह्यांनीच त्याला उचललं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या, जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकात नेऊन बसवलं; त्याच्या आईबरोबर मीही चढले.

रत्नागिरीत डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. वाचेल, म्हणाले, पण मार लागण्याच्या आधीचं थोडं कदाचित परत आठवणार नाही. किती मागचं जातं, असं ह्यांनी विचारलं. कधी तासाभराचं, कधी आठवड्याचं, डॉक्टर म्हणाले.

परतताना आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. हे म्हणाले, "माझा पन गेला तो आठवडा."

कुठला, मी विचारलं.

"लग्नाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आयेन सांगितलान, ही तुझी बायको. मी हो म्हटला."

वर्षभर हा माणूस ऐकीव माहितीवर माझा नवरा होता. मला राग आला, रडू आलं, आणि सासूबाई हेल्मेटच्या बाजूने का उभ्या राहिल्या तेही कळलं. मग मी आमचं लग्न सांगायला बसले. कोण रुसलं, कुठली भाजी खारट झाली, सगळं. हे लहान मुलासारखे ऐकत होते. शेवटी विचारलं, अंतरपाट दूर झाल्यावर मी तुझ्याकडे बघितलं होतं का?

"नाय," मी म्हटलं. "तुमी मागे उभ्या असलेल्या तुमच्या संघाकडे बघत होताव."

हे माझ्याकडे वळले आणि बघत राहिले. ड्रायव्हरसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाडी येईपर्यंत मी पदर पुढे ओढला नाही.