तीन तुकड्या आणि एक टेकडी

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात शिकत असताना मला इतिहासाच्या एका प्राध्यापकांकडे काम मिळालं. अमेरिकेच्या यादवी युद्धातले सेनाधिकाऱ्यांचे हुकूम आणि लढाईनंतरचे अहवाल कॉम्प्युटरवर टाइप करायचे.

त्यातली एक लढाई एका टेकडीसाठी होती. तोफेचा आवाज ऐकताच तीन तुकड्यांनी एकदम चढायचं, असा हुकूम होता. पहिली तुकडी भलतीच तोफ ऐकून एकटी निघाली. दुसरीचा अधिकारी लेखी हुकमाची वाट बघत बसला. तो आणणारा घोडेस्वार रस्ता चुकला होता. तिसरी जंगलात भरकटली. पहिली तुकडी चढावरच कापली गेली.

पुढचे अहवाल वाचून मला किळस यायची. "माझ्या तुकडीची शिस्त वाखाणण्याजोगी होती," असं एकाने लिहिलेलं. दुसऱ्याने हुकूम आपल्याला मिळालाच नाही, हे पटवण्यात चार पानं घालवली होती. मेलेली माणसं शेवटच्या ओळीत, हरवलेल्या खेचरांच्या शेजारी. आणि कोण किती मिनिटं उशिरा निघालं याचा तक्ता करताना मला चक्क मजा आली होती.

मे महिन्यात सर आम्हा विद्यार्थ्यांना व्हॅनने त्या टेकडीवर घेऊन गेले. आमचे तीन गट केले आणि स्वतः वर जाऊन शिट्टी वाजवली. वाऱ्यामुळे ती फक्त माझ्या गटाला ऐकू आली. आम्ही अर्ध्यावर पोचलो तरी दुसरा गट व्हॅनपाशी चिप्स खात उभा होता. तिसऱ्याचा पत्ताच नव्हता.

"तुम्ही सगळे मेलात!" सर वरून ओरडले.

सगळे हसले. माझ्या शेजारचा एक जण जीभ बाहेर काढून गवतात आडवा झाला.

"सर, इथे खरंच माणसं मेली होती," मी वर गेल्यावर म्हणाले.

"अर्थात! म्हणून तर हा प्रॉब्लेम इतका सुंदर आहे." त्यांची नजर स्टॉपवॉचवर होती.

 रात्री खोलीवर आल्यावर मी हे काम सोडणार असं सांगून टाकलं.

"अगं, त्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. एवढ्यासाठी कोणी जॉब सोडतं का यार?" माझी पुण्याची रूममेट म्हणाली.

सोमवारी मी सोडलाच. सरांनी कारण विचारलं नाही. फ्लॉपी कुठे ठेवली आहे, एवढंच विचारलं. पुढचं सेमिस्टर मी कॅफेटेरियात उष्टी ताटं धुतली.