डावीकडची प्रवाळं

आंबियाची तोड (पावसाळ्यानंतर उतरणारी संत्री) संपली आणि आम्ही पांढुर्ण्याहून नागपूरची गाडी धरली. तिथून विमानाने चेन्नई, पुढे पोर्ट ब्लेअर. सोबत माझी बायको सुनंदा. तिने सौंसरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पण बेट कधी पाहिलं नव्हतं. आता तिला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं विझत चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या. ती म्हणाली, समुद्राखालची जिवंत प्रवाळं.

बेत मी आखला. महिनाभर तिथल्या एजंटाशी फोनवर भांडलो. त्याने कुठल्याही बेटाचं नाव घेतलं की मी म्हणायचो, तिथं आहे काय, पाणीच ना. शेवटी तो म्हणाला, "सर, आखिर में एक दिन खाली रखिए. हवा का भरोसा नहीं." मला ती हॉटेलात एक दिवस जास्त अडकवायची युक्ती वाटली. स्टेशनवर टोपलीतून संत्री विकत मी वर आलो. गोड बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. त्यात मोहगावच्या ज्या बागेचा माल मी चौदा वर्षं उचलला, ती मालकाने यंदा एका शब्दाने न विचारता दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली होती. तो राग डोक्यात होता. रिकामा दिवस मी कापून टाकला आणि प्रवाळं शेवटच्या दिवशी ठेवली.

पहिल्यांदा बाराटांग बेटावर गेलो. तिथं डुंगीतून (लहान होडीतून) खाडीत शिरावं लागतं. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलातून वर आलेली मुळं, आणि इतकी शांतता की होडीवालाही हळू बोलत होता. सुनंदा समोर पाहत होती. बाजूची फांदी गालाला लागली तेव्हाच तिला कळली. त्यानंतर पुढच्या फांद्या मी हाताने दूर करत गेलो.

नील बेटावर ओहोटीत समुद्र इतका मागे गेला की खडकांच्या खळग्यांत तारामासे उघडे पडले होते. तिथं एका खडकाची कड तिला दिसली नाही. पाय सोलवटला. जेवणात नारळाच्या रसातली मासळी होती, आमच्या जिभेला गोडूस. तिने वाखाणून खाल्ली, मी हिरवी मिरची मागितली.

शेवटच्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर लाल बावटा होता. वारा सुटला होता, होड्या बंद. दुसऱ्या सकाळी आमचं विमान. मी होडीवाल्यावर तुटून पडलो. बिप्लब त्याचं नाव, बंगाली माणूस, जाळं आवरत होता.

"चिल्लाइए साहब," तो म्हणाला. "सुबह से सब मुझ पर ही चिल्ला रहे हैं. झंडा मैंने नहीं लगाया."

सुनंदाने माझी बाही ओढली. "त्याच्यावर कायले भांडून राहिले? तो एजंट सांगतच होता ना."

"सगळे असंच सांगतात."

"मोहगाववालाही सांगत होता. घरच्यासाठी दोन झाडं सोडा म्हणे. चौदा वर्षं तुम्ही एक सोडलं नाही."

ती रागावली नव्हती. वर्गात चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं, तशी बोलली. मग म्हणाली, "चला, नकाशात पाहिलं तेवढं पुरे."

ते ऐकून मी बिप्लबकडे वळलो. त्याला विचारलं, उद्या? तो म्हणाला, आलात तर पाहू. आम्ही विमान सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बावटा उतरला. होडीच्या तळाला काच होती. सुनंदा वाकली आणि बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, "डावीकडे काय आहे?"

आमच्या धंद्यात बागेत शिरलेला माणूस माल चांगला आहे असं तोंडाने म्हणत नाही. डाग दाखवायचा, साल जाड आहे म्हणायचं. चाळीस वर्षं मी तेच बोललो. आता मी तिच्या डाव्या बाजूने काचेवर वाकलो.

"पिवळं आहे," मी म्हणालो. "संत्रं रंगावर यायच्या आधी असतं तसं. बोटाएवढ्या फांद्या. त्यातून निळी मासोळी जाऊन राहिली."

"किती?"

"मोजता येत नाही."

"बरं आहे का?"

"बेस आहे," मी म्हणालो. "खूप बेस आहे."

तिने उजवीकडचं विचारलं. तेही सांगितलं. बिप्लबने इंजिन बंद केलं आणि होडी तशीच राहू दिली.

बेटांचा बेत आखणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की एक दिवस रिकामा ठेवा आणि त्यावर घासाघीस करू नका. मी ठेवला नव्हता. वारा आणखी दोन दिवस राहिला असता, तर आम्ही तसेच परतलो असतो.

पांढुर्ण्याला आल्यावर शेजारच्या बाया जमल्या. सुनंदा त्यांना काचेखालचं सांगत होती. "अन् डावीकडे पिवळी होती," ती म्हणाली, "रंगावर यायच्या आधीच्या संत्र्यासारखी. मधातून निळ्या मासोळ्या."

एकीने मला विचारलं, "खरंच का, भाऊ?"

"तिनं पाहिलं ना," मी म्हणालो, आणि पुढचं ऐकायला तिथंच बसलो.