सुलोचनाबाईंचा डोह

सुलोचनाबाई नदीत उभ्या राहून जेवत. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा जैन नियम त्यांनी कधी मोडला नाही. आणि जेवायला काठावर यायचं, हेही कधी मान्य केलं नाही. साडी वर खोचलेली, गुडघाभर पाणी, हातात डबा. "काठावर मानसं हायेत," त्या म्हणत. "इथं निदान कोनी सल्ला देत नाही."

त्या कारंज्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी तिथला ग्रंथपाल. निवृत्तीनंतर त्यांनी धनजकडच्या एका बारक्या नदीतल्या माशांची पाहणी सुरू केली आणि जाळ्याचं दुसरं टोक धरायला मला नेलं, कारण मी फारसा बोलत नाही. मासे ओल्या परातीत घ्यायचे, ओळखायचे, मोजायचे, परत सोडायचे. महाशीर मासा या नदीतून संपला असं सगळे धरून चालले होते. एका खोल डोहात त्याची बोटभर पिल्लं सापडली, तेव्हा परातीतलं पाणी हलू नये म्हणून बाईंनी श्वास रोखून धरला. एवढा मान त्यांनी कुठल्याही माणसाला दिलेला मी पाहिला नाही.

माणसांसाठी त्यांच्याकडे दुसरा आवाज होता. तलावातले मासे आणून नदी 'समृद्ध' करू म्हणणाऱ्या एका साहेबांना त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या घरातले मानसं कमी झाले, तं शेजारचे आनून बसवता काय?" साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच डोहात जाळं जड लागलं. मिशाळ, काळे, हातभर लांब मांगूर. परदेशी जातीचे, समोर येईल ते गिळणारे. महाशीरची पिल्लं निम्मीही उरली नव्हती. मांगूर आले कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. बाईंचे धाकटे भाऊ जयकुमारजी, कापडाचे व्यापारी, दर पर्युषणात बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडत. आता बाजारात जिवंत राहतो तो मांगूरच. बाकीचे तिथे पोचेपर्यंत मेलेले असतात. म्हणजे पुण्य लागायचं ते नेमकं मारेकऱ्याला मोकळं सोडून.

बाईंनी मांगूर एकेक करून पाण्यापासून लांब, मरायला टाकले. मुंगी दिसली तर पाय उचलणारी ही बाई. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी भाऊ भांडायला आले. "ताई, तू हत्या करून राह्यली! लोक मले काय म्हनतीन?"

"लोकायचं सोड. तू सोडतं थे मासे डोहात काय खातात, साबुदाना?"

"मी जीव वाचवतो."

"तू फोटो काढतं, जय्या. जीव थ्या पिल्लायले हाये."

भावाचं घर त्यांना बंद झालं. पुढे दरवर्षी ते सोडत आणि आम्ही काढत.

या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. आयुष्यभर त्यांना 'मासेवाली' म्हणणारी मंडळी श्रद्धांजली सभेत 'निसर्गकन्या' म्हणाली. मग जयकुमारजींनी डोळे पुसत जाहीर केलं, की ताईच्या स्मरणार्थ तिच्या आवडत्या डोहात मासे सोडणार. श्रद्धांजली सभेत टाळ्या वाजलेल्या मी प्रथमच ऐकल्या.

डोहावर फलक होता, हार होते, फोटोवाला होता आणि टब होते. टबांत मी वाकून पाहिलं, मांगूरच. मी जयकुमारजींना सगळं समजावू लागलो. माझा आवाज मुळात लहान, तो फोटोच्या गडबडीत कुणाला ऐकू गेला नाही. टब उलटे झाले.

"ताईले आनंद झाला असन ना, सर?" जयकुमारजींनी मला विचारलं. खरंच विचारलं. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्यामुळे ते मला आणखीच असह्य झाले.

"उद्या सकाळी इथे या," मी म्हटलं.

ते आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी पाण्यात उतरून जाळं पसरलं होतं. दुसरं टोक काठावर मोकळं पडलं होतं.

"धरा," मी म्हटलं.

"मी? यायले मारायले? नाही सर, मले नाही जमनार."

"बाईंनाही जमत नव्हतं."

जयकुमारजी चपला काढायला वाकले. फार वेळ वाकलेलेच राहिले.