पिळून टाकलेलं दूध

औंढ्याच्या कस्तुराबाईला काहीही विचारा, उत्तर तयार. माशांवर दूध प्यालं तर? अंगावर कोड फुटतं. फणसावर विडा खाल्ला तर? पोट फुगून माणूस मरतं. असं मेलेलं कुणी पाहिलंय का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाई पडली सुईण, पंचवीस वर्षं गावातली पोरं तिच्याच हातावर जन्मली. तिचा सगळ्यात कडक नियम बाळंतिणीसाठी होता. पहिले तीन दिवस अंगावरचं पिवळं, दाट दूध म्हणजे नासका चीक, तो पिळून टाकायचा. तोवर पोराला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी.

एकोणीसशे अडतीस साली तिची एकुलती लेक नंदाबाई तिसऱ्यांदा बाळंत झाली. आधीचे दोन मुलगे आठवड्याच्या आतच गेले होते. सटवीनं लिहिलेलं कुणाला चुकलंय, म्हणून कस्तुराबाईनं डोळे पुसले होते. आता ही मुलगी, वीतभर, रडायचंही त्राण नाही. ही तरी जगावी म्हणून कस्तुराबाई देव पाण्यात घालून बसली, आणि लेकीचं दूध मात्र नेमानं वाटीत पिळून घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गाय व्याली. कस्तुराबाईचा नवरा कोंडाजी खरवसाच्या आशेनं लगेच चरवी घेऊन बसला. कस्तुराबाई त्याच्यावर कडाडली, "आदी वासराला पिऊ द्या. चीक पोटात गेला न्हाई तर जगंल का ते?"

भिंतीपलीकडं बाजेवर नंदाबाई ऐकत होती. आई वाटी घेऊन आत आली तशी ती म्हणाली, "आये, गाईचा चीक वासराला पायजे, मग माझा का नासका?"

कस्तुराबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. अहो, उभा जन्म गुरं राखण्यात आणि बाळंतपणं करण्यात गेला, आणि एवढी साधी गोष्ट एकदाही डोक्यात येऊ नये! तिनं पोर उचलली आणि लेकीच्या छातीशी लावली. पोर आधी नुसतीच चाचपडली, मग हळूहळू ओढायला लागली.

"मग माझं पयलं दोन, आये?" नंदाबाईनं विचारलं.

नंदाबाईची पोर जगली. महिन्याभरानं शेजारच्या विठाबाईची सून बाळंत झाली. कस्तुराबाईनं नाळ कापली, पोर पुसलं आणि थेट आईच्या अंगावर पाजायला दिलं. म्हातारी विठाबाई बघतच राहिली. तिच्या लेकीचं मूल दोन वर्षांमागं चौथ्या दिवशी गेलं होतं.

"कस्तुरा, माझ्या लेकीला तूच पिळून टाकाय लावलं व्हतंस न्हवं?"

कस्तुराबाईनं हात जोडले.

"व्हय मावशी, म्याच. तुमच्या लेकीला बी आन् माझ्या लेकीला बी."