शाळेची तार आणि न केलेली नोंद

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा मला अधिकारही नाही. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतील बहुतेक आता कागदांत राहिले आहेत. शिरूर तालुक्यातील टेलिफोनच्या तारेची एक किरकोळ चोरी मात्र माझ्यासोबत निवृत्त झाली. त्या प्रकरणात एका निरपराध माणसाला मी तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवले होते.

नवे शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी शिरूरला नेमणुकीस होतो. शिक्रापूरच्या रस्त्यावर ट्रकची रांग तुटत नसे आणि ठाण्याचे निम्मे मनुष्यबळ अपघातांच्या पंचनाम्यांत जाई. अशा दिवसांत निमोणे भागातील एका गावच्या माध्यमिक शाळेकडून तक्रारी येऊ लागल्या. शाळेकडे जाणारी टेलिफोनची तार दोन खांबांच्या मधून कापून नेलेली असे. खात्याचे लोक येऊन ती जोडत. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा नाहीशी होई. असे पाच वेळा झाले.

त्या तारेवर शाळेचे इंटरनेट होते. एका देणगीदार ट्रस्टने शाळेला चार संगणक दिले होते. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मी स्वतः होतो. शाळेचे चेअरमन गावचे मोठे बागायतदार. दूध संकलन केंद्रही त्यांच्याच ताब्यात. हारांतून मान वर काढून ते म्हणाले, "आपली पोरं आता अमेरिकेशी बोलत्याल. खर्चाची काळजी करू नका, हा चेअरमन बसलाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तक्रार घेऊन दर वेळी मुख्याध्यापक स्वतः येत. इस्त्रीचा पांढरा सदरा, वळणदार अक्षर, अर्जाच्या डोक्यावर शाळेच्या जावक नोंदवहीतील क्रमांक. अर्ज दिला की ते बाकावर बसून राहत. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याखेरीज उठत नसत.

"सर, पोच मिळंल की," आमचा हवालदार म्हणे. "आम्ही काय शिक्का घिऊन पळून चाललोय व्हय?"

"पोच घेतल्याशिवाय मला जाता येत नाही, हवालदारसाहेब."

नागरिक असावा तर असा, असे मी मनाशी म्हटले होते. माणसाची शिस्त दिसली की मी त्याच्यावर संशय घेणे सोडून देत असे. ही माझी चूक बरीच वर्षे टिकली.

पाचवी चोरी रविवारी पहाटे झाली. अर्ज रविवारीच आला. सोमवारी शिरूरच्या बाजारातील आमच्या खबऱ्याने हवालदाराला सांगितले, की तार गेली की दुसऱ्या दिवशी गावचा भंगारवाला चाचा त्याच खांबाखाली दिसतो.

चाचा साठीच्या पुढचा. त्याचे घराणे त्या गावात कित्येक पिढ्यांचे. हातगाडीवर भंगार गोळा करायचा, रेडिओ आणि मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचा. भंगारवाला, तांब्याची तार आणि खांबाखाली वावर. आम्हाला एवढे पुरले. तो खांबाखाली कशासाठी जातो, हे शाळेत जाऊन कोणी विचारले नाही. आणि त्याचे नाव. हेही लिहून टाकतो. ते नाव दुसऱ्या धर्माचे नसते, तर मी आधी त्याच्या घरी जाऊन चौकशी केली असती.

त्याच दिवशी त्याला ठाण्यात आणले, पण अटक केली नाही. अटक दाखवली की चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावे लागते. म्हणून तेव्हा माणसाला 'चौकशीसाठी बसवत'. स्टेशन डायरीत त्याचा उल्लेख नसे. तो ठाण्यात असे आणि कागदावर नसे.

"तांबं कुणाला इकलं?" हवालदाराने विचारले.

"इकलं असतं तर माझ्या घरावर नवं पत्रं न्हाई का दिसलं असतं, साहेब?"

"लई श्याना हाईस!" हवालदाराने त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. मी खोलीत होतो. मी थांबवले नाही.

चाचाने गाल चोळला. "मारा. पर धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तांब्याचा चोर लांबच्या लांब तार वढून नेतो. दोन खांबामधली एवढीशी तार कोन नेतंय? वजनात काय बसनार ती? चहाचं पैसं न्हाई निघायचं."

मी त्याला उद्धटपणा समजलो. वास्तविक संपूर्ण तपासात तेवढे एकच वाक्य कामाचे होते.

"माझी नात हाय त्या शाळंत, आठवीला," तो पुढे म्हणाला. "तिनं मला त्या कॉम्प्युटरच्या डब्यात मक्का-मदिना दावली. आन् मी त्याची तार कापीन?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक ठाण्याच्या पायरीशी दिसले. आत आले आणि उभ्यानेच म्हणाले, "साहेब, तो तसा माणूस नाही. मीच त्याला तारेची लोंबती टोके वर बांधायला बोलावतो."

"मग तार नेणारा कोण, ते सांगा."

ते वळले आणि निघून गेले. चाचा बाहेर बाकावर बसला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

एक पथक शिरूरच्या बाजारातील आणि दौंडच्या रेल्वेलगतच्या भंगार दुकानांतून फिरून आले. अशी तार कोठेही विक्रीस आली नव्हती. चोराने पाच वेळा माल नेऊन एकदाही विकला नसेल, तर त्याला मालाची गरज नव्हती. चाचा सोमवारी हेच सांगत होता.

बुधवारी टपाल आले. त्यात त्याच शाळेचे एक पत्र होते. स्नेहसंमेलनासाठी बंदोबस्त मागितला होता. तारीख शनिवारची, जावक क्रमांक एकशे त्रेचाळीस. मी शाळेची फाइल मागवून पत्र त्यात लावायला घेतले. वरच तार चोरीचा अर्ज होता. चोरी रविवारची, तारीख रविवारची. जावक क्रमांक एकशे बेचाळीस.

शाळेतील क्रमांक ओळीने पडतात. शनिवारच्या पत्राला एकशे त्रेचाळीस मिळाला असेल, तर एकशे बेचाळीस त्याच्या आधीच पडलेला असणार. रविवारी होणाऱ्या चोरीच्या अर्जाला शनिवारीच क्रमांक मिळाला होता.

पंच घेऊन शाळेत गेलो. जावक नोंदवही पाहिली. रविवारी ती कारकुनाच्या कपाटात कुलपात असते. दुसरा कोणी विनाक्रमांक अर्ज घेऊन आला असता. या मनुष्याला ते जमले नाही. त्याने चोरीच्या आदल्या दिवशी चोरीची जावक नोंद केली.

मी काही विचारण्यापूर्वीच मुख्याध्यापक उठले आणि प्रयोगशाळेतील कपाट त्यांनी उघडले. आत तारेची पाच वेटोळी होती. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. तारीख, लांबी, आणि त्याच वळणदार अक्षरात खाली लिहिलेले: 'दूरसंचार खात्याची मालमत्ता. परत करणे.'

"का?" मी विचारले.

"बिल, साहेब."

मग त्यांनी सांगितले. ट्रस्टने संगणक दिले आणि पहिल्या वर्षाचे टेलिफोन बिल भरले. पुढचे शाळेने भरायचे होते. इंटरनेट टेलिफोनवरूनच लागे, म्हणून जितकी मिनिटे मुले शिकत तितके बिल चढे. चेअरमनकडे ते चार वेळा गेले. चारही वेळा 'पुढच्या मिटिंगला बघू' हे उत्तर मिळाले. शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. तिथे सांगितले, की या खर्चाला हेड नाही. म्हणजे ज्या सदराखाली पैसा द्यावा, असे सदरच सरकारी तक्त्यात नाही. मुलांकडून फी घेण्यास मनाई. काही महिने त्यांनी पगारातून भरले. पुढे ते झेपेना.

"थकबाकीमुळे लाइन तुटली, तर ट्रस्ट संगणक काढून दुसऱ्या शाळेला देतो," ते म्हणाले. "चोरीने तुटली, तर शाळेचा दोष धरत नाहीत. मुदत मिळते. बंद काळात बिल चढत नाही, तेवढ्यात मागची बाकी फेडता येते. अहवालाला तुमच्या शिक्क्याची पोच जोडावी लागते, इतकेच."

म्हणजे पाचही वेळा माझ्याच ठाण्याचा शिक्का वापरला गेला होता.

"आणि चाचा?"

"दोनदा आलो, साहेब. काल आत आलो. आज सकाळी पायरीवरूनच परत फिरलो. मी सांगितले असते, तर आजच संगणक गेले असते."

"तुम्ही तारेला चिठ्ठी बांधलीत," मी म्हणालो. "माणसाचे काय केलेत?"

 हे वाक्य मलाही लागू होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

चाचाला सोडले. संध्याकाळी चेअरमन जीपमधून ठाण्यात आले.

"साहेब, मास्तरला आत टाका. शाळंची अब्रू घालवली त्यानं. त्याच्या जागंला माझा भाचा तयार हाय, बीएड झालाय."

"बिल कोण भरणार होते?"

"कसलं बिल?"

"उद्घाटनाच्या दिवशी आपण बोललात, ते."

ते हसले. "अहो साहेब, ते भाषनात असतंय. भाषन म्हंजी काय करारनामा हाय का?"

मी त्यांना बाहेर जाण्यास सांगितले. चहा विचारला नाही. सेवेत ज्यांना बेड्या घालता आल्या नाहीत, त्यांच्यात या मनुष्याचे नाव मी सर्वांत वर लिहीन. त्याने कोणत्याही कलमाखालचा गुन्हा केला नव्हता. सदर नाही म्हणणाऱ्या कारकुनानेही केला नव्हता. संगणक देऊन फोटो काढणाऱ्यांनीही नाही. गुन्हा केला तो एकट्याने, ज्याला ती खोली चालू ठेवायची होती.

मुख्याध्यापकांवर मी गुन्हा दाखल केला. दोषारोपपत्र मीच पाठवले. न्यायालयाने दंड केला, शाळेने पद काढून घेतले, आणि ते साधे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. मी त्यांचे समर्थन करीत नाही. आपल्यासाठी दुसऱ्याला मार खाऊ देणारा माणूस कितीही चांगल्या कामासाठी गप्प बसला, तरी तो गप्पच बसलेला असतो.

ट्रस्टचे लोक संगणक न्यायला आले, त्या दिवशी गावाने शाळेच्या पटांगणात सभा भरवली. मी बंदोबस्ताला होतो. चेअरमन म्हणाले, "जात्याल तर जाऊ द्या. आमी काय कॉम्प्युटरवर शिकलो व्हय?"

मागून चाचा उठला.

"दुधात कापा," तो म्हणाला.

"काय?"

"दर धा दिसाला दुधाचा पगार हुतो. त्यात गणपतीची वर्गणी कापता, देवळाच्या कळसाची कापता. तशी लिटरमागं पैसा-दोन पैसं तारंची कापा. म्हशीला कळनार बी न्हाई."

पटांगण हसले. कोणीतरी ओरडले, "चाचा, तुझ्याकडं तर शेळ्याच हायत की!"

"शेळीचं बी कापा. आन् तार तुटली तर मी हाय की बांधायला. पोलिसांनी तीन दिस तारंचंच शिक्षान दिलंय मला!"

हशा वाढला. मी हसलो नाही. समोरच्या बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "चेअरमन, आता मान हालवा. का दूध बी भाषनातच घालायचं?" चेअरमनने होकाराची मान हलवली. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. दूध त्या बायकांच्या हातचे होते.

बिलाची सोय झालेली पाहून ट्रस्टचे लोक रिकाम्या हाताने परत गेले, संगणक राहिले. माझी बदली होईपर्यंत त्या शाळेचे बिल एकदाही थकले नाही. मोठमोठ्या कचेऱ्यांना जे सदर सापडले नाही, ते एका भंगारवाल्याने दुधाच्या पगारात दाखवून दिले. मला याचा आनंद होत नाही. संताप होतो. वस्तू एकदा देणाऱ्यांच्या नावाच्या पाट्या लागतात, आणि दर महिन्याला ती चालवण्याचा भार शेवटी अशा माणसावर येतो, ज्याला आपण चोर ठरवलेले असते.

पुढे मी दौंडला गेलो. पाचएक वर्षांनी एके दुपारी चाचा एसटीने तिथे आला. समोर बसायला सांगितले तरी खुर्चीच्या कडेवरच बसला.

"साहेब, एक काम हाय. ते तीन दिस तुमच्या डायरीत लिवा."

"कशाला?"

"गावात आजून म्हनत्यात, चाचा तीन दिस आत व्हता, काय तरी केलंच आसंल. नातीला स्थळं येत्यात आता. कागद आसला तर दावता यील. मास्तरनं चोरीच्या तारंला बी कागद बांधला व्हता. मला एक बी न्हाई."

मी त्याला सांगितले, की जुन्या डायरीत मागाहून नोंद करता येत नाही. नियमाने ते खरे होते. पण साध्या कागदावर माझ्या सहीने चार ओळी लिहून देण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. तसे केले असते, तर विनानोंद बसवल्याची कबुली माझ्या हस्ताक्षरात राहिली असती. मी नियम सांगितला आणि चहा मागवला. त्याने चहा संपवला, "बरं," म्हणाला आणि एसटी स्टँडकडे गेला.

आरोपीकडून कबुली कशी काढावी, हे खात्याने मला शिकवले होते. ती स्वतः कशी द्यावी, हे या प्रकरणातून शिकायचे होते. फार उशिरा शिकलो. चाचा आता हयात नाही. डायरी मला उघडता येत नाही, म्हणून इथे लिहितो. नाव लिहिलेले नाही. पण हा कागद कोणाचा आहे, ते त्याच्या नातीला कळेल.

नोंद: निमोणे भागातील एका इसमास तारेच्या चोरीच्या संशयावरून सोमवार ते बुधवार ठाण्यात विनानोंद बसवून ठेवले व मारहाण होऊ दिली. त्याने काहीही केले नव्हते. बसवणारा अधिकारी मी होतो.