गंज शोधणारे आजोबा

गंजलेली वस्तू पाहून ज्याचा चेहरा फुलतो, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो आपल्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. रेवा, ईशान, सुट्टीत ठाण्याला यायचात तेव्हा या आजोबांच्या दारातल्या बादलीत तुम्ही डोकावायचात आणि नाक धरून पळत सुटायचात. त्या बादलीत व्हिनेगर असे आणि त्यात कोणाची तरी सांडशी, पाना नाहीतर कोयता भिजत पडलेला असे. कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात हत्यारं सांभाळली. पुढे निवृत्त झाले, पत्नी गेली, मुलगी बंगळुरूची झाली. लोखंड तेवढं सोबतीला राहिलं.

कोणाच्याही घरी गेले की माणसांआधी ते विळीची चौकशी करतात. टेंभी नाक्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता, तिथे मी त्यांना हौसेने नेलं. सगळे अंगठीकडे पाहत असताना हे मोरीपाशी बसून आचाऱ्याची सुरी चिंचेने घासत होते आणि आचारी हात जोडून म्हणत होता, "काका, द्या ना आता! कोशिंबीर राहिलीय!" हे मात्र सुरीशीच बोलत होते, "कोणी गं तुला असं वाळीत टाकलं?" घासून झालं की ते पातं गॅसवर जरा कोमट करतात, खोबरेलाचा हात फिरवतात आणि नातवंड दाखवावं तसं चारचौघांना दाखवतात. दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई एकदा म्हणाली, "काका, ही विळी भंगारात देते. स्टीलची आणलीय ना."

"म्हातारं झालं की भंगारात देता का हो तुमच्यात?"

"तसं नाही हो काका..."

"मग आणा इकडे."

त्यांचा खरा सण म्हणजे खंडेनवमी. आधीचे आठ दिवस घरोघरी फिरून ते हत्यारं गोळा करत, साफ करत आणि त्या सकाळी जिन्याखाली टेबलावर मांडून त्यांची पूजा करत. आपापली वस्तू न्यायला सगळी इमारत खाली येई. पेढा खाई, गप्पा मारी. वर्षातून त्या एका सकाळी त्यांच्या दाराशी चपला दिसत.

यंदाही ते पिशवी घेऊन दारोदार फिरले. "काही गंजलंय का?" "नाही हो आजोबा, आमच्याकडे सगळं स्टेनलेस." खिळा ठोकायलासुद्धा आता फोन करून माणूस बोलावतात. पिशवी रिकामीच खाली गेली.

नवमीला सकाळी मी दूध आणायला उतरले तर टेबलावर पांढरी चादर, झेंडूची फुलं, पेढ्यांचा मोठा बॉक्स आणि त्यांची स्वतःची एक कानस. बाजूला खुर्चीत ते, इस्त्रीचा सदरा घालून. लिफ्टचं दार उघडलं की मान वर करत. माणसं "हॅपी दसरा, काका!" म्हणत कामावर निघून जात.

मी वर येऊन सगळे ड्रॉवर उपसले. पण माझ्या घरात गंजलेलं काही उरलंच नव्हतं! विळी, अडकित्ता, तुमच्या आजोबांचा स्क्रू ड्रायव्हर, सगळं त्यांनीच लखलखीत करून ठेवलेलं. शेवटी तीच चकचकीत विळी घेऊन मी खाली गेले.

त्यांनी चष्मा चढवला. पातं उजेडात धरून पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बोट फिरवलं.

"वहिनी, हिला काय झालंय?"

"काही नाही भाऊ. पूजेला आणली."

त्यांनी विळीला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मला दोन पेढे दिले. मग विचारलं, "घाई आहे का तुम्हाला?"

"मला कसली घाई?"

आतून त्यांनी दुसरी खुर्ची आणली. खिशातून पॉलिश पेपर काढला आणि कुंकवाला धक्का न लावता पात्याचं टोक हलक्या हाताने घासू लागले. तिथे गंजाचा ठिपकाही नव्हता. तरी ते घासत राहिले आणि जेवणवेळ होईपर्यंत मी बसून राहिले.